एकदाच घडलेल्या गोष्टीचा अभ्यास कसा करतात?

प्रश्न असा आला आहे: जी घटना नेहमीच्या अनुभवात बसत नाही, कदाचित एकदाच घडली आणि मुद्दाम पुन्हा घडवून पाहता येत नाही, तिचा अभ्यास निरनिराळ्या विषयांतले लोक कसा करतात? विज्ञान पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींवरच उभे असेल, तर अशा घटनेबद्दल त्याला काही बोलता येते का?

माझी तीसेक वर्षे औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्यात गेली. औषध घेतल्यावर कुणाला काही अनपेक्षित झाले, की डॉक्टर, परिचारिका किंवा औषधविक्रेता फॉर्म भरून पाठवतो आणि तो आमच्या टेबलावर येतो. विचित्र घटना हेच माझे रोजचे काम. त्या ओढीने मी इतर विषयांतले लोक हेच काम कसे करतात तेही वाचत, विचारत आले. माझ्या मनाशी पक्के झालेले उत्तर आधीच सांगते. अपवाद त्यालाच दिसतो ज्याला नेहमीचे तोंडपाठ असते. म्हणून जवळजवळ प्रत्येक विषयात विचित्र घटनेच्या अभ्यासाचा मोठा भाग हा अगदी साध्या, रोजच्या गोष्टी मोजण्याचा असतो.

माझ्याच क्षेत्राजवळचे उदाहरण घ्या. १९८१ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात सँड्रा फोर्ड या तंत्रज्ञ दुर्मीळ औषधांच्या मागण्या हाताळत. पेंटामिडीन हे औषध तेव्हा अमेरिकेत त्या केंद्राकडूनच मिळे. ते लागे एका विशिष्ट न्यूमोनियासाठी, आणि तो न्यूमोनिया व्हायचा तो कर्करोगाने किंवा त्यावरच्या उपचारांनी प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना. फोर्ड यांच्या लक्षात आले की काही मागण्यांमध्ये प्रतिकारशक्ती ढासळण्याचे कारणच दिसत नाही. तरुण पुरुष, आधीचा आजार नाही, तरी हाच न्यूमोनिया. त्यांनी ते वरिष्ठांना लिहून कळवले. ५ जून १९८१ रोजी केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या ५ तरुणांची छोटी नोंद छापून आली. त्यातले दोघे तोवर दगावले होते. एड्सबद्दल छापून आलेली ही पहिली वैद्यकीय नोंद. फोर्ड यांनी एकही रुग्ण पाहिला नव्हता. मागणीपत्र नेहमी कसे असते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

आमच्या कामातली खरी अडचण शाळेतल्या अपूर्णांकासारखी आहे. अंश हाती असतो, छेद नसतो. यकृत बिघडल्याच्या वीस नोंदी आल्या, पण औषध किती जणांनी घेतले? त्यातल्या किती जणांचे यकृत औषधाविनाही बिघडले असते? किती डॉक्टरांनी फॉर्म भरायचा कंटाळा केला? यातले काहीच नेमके माहीत नसते. मग आम्ही उसना छेद घेतो. समजा, एका औषधाच्या एकूण २०० नोंदींपैकी २० यकृताच्या आहेत, म्हणजे १० टक्के; आणि बाकी सगळ्या औषधांच्या नोंदींत यकृताचे प्रमाण १ टक्का आहे. तर हे औषध इतरांच्या रांगेत उठून दिसते. याने औषध दोषी ठरत नाही. कुठे खणायचे ते कळते, इतकेच. त्यानंतर एकेक नोंद उलगडायची: औषध आधी की लक्षण आधी, औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का, चुकून पुन्हा दिले गेले तेव्हा तो परत आला का, दुसरे काही कारण होते का.

आणि त्याच्याही आधी एक कंटाळवाणे काम असते, ते म्हणजे एकच घटना दोनदा तर मोजली जात नाही ना हे पाहणे. उमेदवारीच्या काळात माझ्यासमोर एका औषधाबद्दल त्वचेच्या एका दुर्मीळ विकाराच्या पाच नोंदी लागोपाठ आल्या. मी रात्रभर बसून टिपण तयार केले. सकाळी माझ्या वरिष्ठ बाईंनी पाचही फॉर्म शेजारी शेजारी मांडले आणि वय, वजन, तारखा यांवरून बोट फिरवले. तीन फॉर्म एकाच रुग्णाचे होते: एक डॉक्टरांनी भरलेला, एक रुग्णालयातल्या औषधविभागाने, एक नातेवाइकांनी. पाचाचे तीन झाले आणि माझे टिपण तिथेच संपले. तेव्हापासून कुणी मला 'अशी कितीतरी उदाहरणे आहेत' असे सांगितले, की मी विचारते, एकमेकांपासून स्वतंत्र किती?

शून्याचाही अर्थ लावावा लागतो. चाचण्यांमध्ये ३००० रुग्णांना औषध दिले आणि एकालाही तो गंभीर त्रास झाला नाही, तर तो त्रास होतच नाही असे म्हणता येत नाही. एक साधा नियम आहे: तीनला रुग्णसंख्येने भागा. ३ भागिले ३०००, म्हणजे हजारात एक. साधारण ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की त्रासाचे प्रमाण हजारात एकापेक्षा जास्त नसावे. लाखो लोकांनी घेतलेल्या औषधाच्या बाबतीत हजारात एक म्हणजे शेकडो माणसे. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने बाळांना जन्मजात दोष झाले, त्यानंतर जग हे शिकले. हातपाय न वाढलेली बाळे ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की पुष्कळ डॉक्टरांनी आयुष्यात तसे बाळ पाहिलेले नसायचे. म्हणून १९६१ साली जर्मनीत विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांना थोड्याच बाळांवरून शंका आली. तोच दोष नेहमी आढळणारा असता, तर गर्दीत हरवला असता.

आता आकाशाकडे वळू. नेहमीचे ठाऊक असणे म्हणजे काय, हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञांइतके स्पष्ट क्वचितच कुणी दाखवले असेल. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीच्या दुर्बिणीतून रोज सुमारे ३० मीटर कागदी आलेख बाहेर पडे आणि त्या तो डोळ्यांनी तपासत. आकाशातले रेडिओ स्रोत कसे दिसतात आणि माणसांच्या यंत्रांचा गोंगाट कसा दिसतो, हे त्यांच्या नजरेत बसले होते. एक छोटासा खरवडल्यासारखा भाग दोन्हींत बसेना. तो घड्याळाच्या वेळेने नाही, ताऱ्यांच्या वेळेने परत येत होता, म्हणजे रोज सुमारे ४ मिनिटे आधी. पृथ्वीवरचा कारखाना किंवा वाहतूक ताऱ्यांचे वेळापत्रक पाळत नाही. स्पंदने दर १.३३ सेकंदांनी येत होती. परग्रहावरच्या कुणी पाठवली असतील का, हा विचारही झाला. तो मागे पडला तो बेल यांना आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात दुसरा तसाच स्रोत सापडल्यावर. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून कुणी एकाच वेळी, एकाच तऱ्हेने हाक मारेल हे संभवत नव्हते. ते पल्सार होते, म्हणजे वेगाने फिरणारे आणि ठरावीक तालात रेडिओ स्पंदने पाठवणारे तारे.

याच्या उलटी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची. २००७ साली डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांनी २००१ सालच्या साठवलेल्या नोंदींतून रेडिओ लहरींचा काही मिलिसेकंदांचा एक जोरदार स्फोट शोधून काढला. तो आपल्या आकाशगंगेच्या बाहेरून आल्यासारखा दिसत होता. पुढे त्याच दुर्बिणीत बरेचसे तसेच दिसणारे, पण संशयास्पद संकेत सापडू लागले. त्यांना पेरिटॉन म्हणत. दुर्बिणीच्या संकेत टिपणाऱ्या यंत्राला आकाशाच्या १३ तुकड्यांकडे पाहणाऱ्या १३ शलाका, म्हणजे जणू १३ डोळे होते. आकाशातला स्रोत त्यातल्या मोजक्याच शलाकांत दिसायला हवा; पेरिटॉन सगळ्यांत दिसत, आणि तेही दिवसा, कामाच्या वेळेत. २०१५ साली एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी उगम पकडला: वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन. तो बंद व्हायच्या आत कुणी दार उघडले की क्षणभर लहर निसटे. लोक ही गोष्ट करमणूक म्हणून सांगतात. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पेरिटॉनचे कारण कळल्यामुळे पहिला स्फोट खोटा ठरला नाही, उलट त्याच्यावरचा संशय फिटला, कारण दोघांतला फरक आता मोजून दाखवता आला. २०२० साली असा एक स्फोट आपल्याच आकाशगंगेतल्या प्रचंड चुंबकीय ताऱ्यापासून आलेला नोंदला गेला. खोट्या घटनेचा कसून केलेला तपास खऱ्या घटनेच्या कामी येतो, हे मी माझ्या क्षेत्रातही अनेकदा पाहिले आहे.

मात्र नेहमीचे म्हणून जे आपण धरून चाललो, तेच चुकलेले असू शकते. समुद्रात अचानक उठणाऱ्या भिंतीसारख्या लाटांबद्दल खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. लाटांच्या उंचीचे जे गणित वापरात होते त्यानुसार अशा लाटा जवळजवळ अशक्यच होत्या, म्हणून खलाशांचे बोलणे अतिशयोक्तीत जमा झाले. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्राउपनर या वायुवाहिनीच्या फलाटावरच्या लेझर मापकाने २५.६ मीटर उंचीची लाट नोंदवली. तेव्हा आजूबाजूच्या मोठ्या लाटा सरासरी १२ मीटरच्या घरात होत्या. इथे साक्षीदार बरोबर होते आणि गणित अपुरे होते.

साक्षीदारांचे काय करायचे, हा या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग. मानसशास्त्राने इथे आम्हा सगळ्यांना सावध केले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, की ही बातमी तुम्हाला कुठे, कुणाकडून, काय करत असताना कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. ११ जणांची उत्तरे मुख्य मुद्द्यांपैकी एकाही बाबतीत जुळली नाहीत, आणि तरीही चुकीचे सांगणाऱ्या अनेकांना आपल्या आठवणीची पुरती खात्री होती. यातून काहीजण असा अर्थ काढतात की साक्षीवर विसंबूच नये. मला ते पटत नाही. नायसर यांच्याकडे आदल्याच दिवशीच्या घटनेबद्दल ताजे लिहून घेतलेले कागद होते, म्हणून तर चूक दिसली. साक्ष लवकर घ्या, वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळी घ्या, आणि 'काय दिसले' व 'ते काय असावे असे वाटले' या दोन रकान्यांत लिहा.

दोनशे वर्षांपूर्वी हे उत्तम रीतीने करून दाखवणारा माणूस म्हणजे ज्याँ-बाप्तिस्त बियो. आकाशातून दगड पडतात, हे त्या काळी पुष्कळ विद्वान मानत नसत. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावाजवळ सुमारे ३००० दगड पडल्याचे वर्तमान आले आणि बियो यांना तपासाला पाठवले गेले. ते थेट गावात शिरले नाहीत. दूरच्या गावांपासून विचारत विचारत आत आले: आवाज कुठे ऐकू आला, कोणत्या दिशेने, किती वाजता. शेतकरी, पाद्री, प्रवासी, एकमेकांशी संबंध नसलेली माणसे तेच सांगत होती. मग त्यांनी दगड कुठे कुठे सापडले त्याचा नकाशा काढला आणि तो लांबट अंडाकृती पट्टा निघाला, सुमारे १० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद. आणि त्यांनी नेहमीचेही तपासले. या भागातल्या खाणींतून, भट्ट्यांतून असे दगड निघतात का? जुन्या खनिजसंग्रहांत असा एखादा तरी नमुना आहे का? नव्हता. साक्ष, दगड आणि 'आधी असे इथे नव्हते' हे तीन धागे एकत्र आल्यावर विरोध मावळला.

लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी साक्षीचा आणखी वेगळा उपयोग करून दाखवला. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोक रात्री छातीवर येऊन बसणाऱ्या म्हातारीबद्दल सांगत. ऐकीव परंपरेमुळे लोकांना तसे भास होतात, असे स्पष्टीकरण सहज देता आले असते. डेव्हिड हफर्ड यांनी ते तपासून पाहिले. ही परंपरा कधीच न ऐकलेली माणसेही बारीकसारीक तपशिलांसह तेच सांगत होती: जाग आलेली, हलता येत नाही, खोलीत कुणीतरी आहे, पावलांचा आवाज, छातीवर भार. म्हणजे अनुभव आधी, म्हातारी नंतर. झोपेच्या एका टप्प्यात शरीराचे स्नायू शिथिल असतात आणि मेंदू त्याआधीच जागा होतो, ही निद्रा-पक्षाघाताची अवस्था. कथेला खोटी न ठरवता तिच्यातला अनुभव वेगळा काढणे हे फार नाजूक काम आहे, आणि आम्हा वैद्यकातल्या लोकांना ते सहसा जमत नाही. रुग्ण 'औषधाने डोक्यात मुंग्या चालतात' म्हणतो आणि आम्ही लिहितो 'डोकेदुखी'. तिथेच नोंद निकामी होते.

एकाच घटनेला अनेक शास्त्रे कशी भिडतात ते पाहायचे असेल, तर मला कॅस्केडिया भूकंपाइतके सुंदर उदाहरण माहीत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगत समुद्रतळाशी एक मोठा भूस्तर दुसऱ्याखाली सरकतो आहे, पण तिथे महाभूकंप झाल्याची लेखी नोंद नव्हती. १९८० च्या दशकात ब्रायन ॲटवॉटर यांना किनाऱ्यावरच्या चिखलात जमीन एकाएकी खचल्याच्या खुणा सापडल्या: गाडल्या गेलेल्या दलदलीचा थर आणि त्यावर समुद्राने आणून टाकलेली वाळू. तिथेच खाऱ्या पाण्याने मेलेली देवदारासारख्या झाडांची उभी खोडे होती. झाडांच्या वर्तुळांचे अभ्यासक आले आणि त्यांनी मुळांतले शेवटचे वर्तुळ १६९९ सालच्या वाढीचे असल्याचे दाखवले. म्हणजे झाडे १७०० च्या वसंतातली वाढ सुरू होण्याआधीच मेली. पलीकडे जपानमध्ये, गावांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दप्तरांत जानेवारी १७०० मध्ये भूकंपाचा धक्का न जाणवताच आलेल्या त्सुनामीची नोंद होती. तिचा बाप कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हते. १९९६ साली केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी लाटेच्या प्रवासाचा वेळ वजा करून गणित मांडले: २६ जानेवारी १७००, स्थानिक वेळ रात्री ९ च्या सुमारास, तीव्रता ९ च्या आसपास. आणि त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या कथांमध्ये हिवाळ्यातल्या रात्रीच्या हादऱ्याची आणि वाहून गेलेल्या वस्त्यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होतीच. जपानी कारकुनांनी नेहमीच्या हिशेबात एक वेगळी ओळ लिहिली, ती जवळजवळ ३०० वर्षांनी कामी आली. ही घटना कुणी पुन्हा घडवून पाहिली नाही. पण ती खरी असेल तर चिखलात, झाडात, दप्तरात काय सापडायला हवे हे सांगता आले, आणि ते सापडले. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे माझे उत्तर इथे आहे. पुन्हा पुन्हा तपासता यावे लागतात ते मागे राहिलेले ठसे. घटना एकदाच घडली तरी चालते.

योगायोगांबद्दल थोडक्यात, कारण यावर सर्वांत जास्त गोंधळ होतो. १९८५-८६ मध्ये न्यू जर्सीतल्या एका बाईंना चार महिन्यांत दोनदा लॉटरी लागली आणि वर्तमानपत्रांनी शक्यता छापली १७ लाख कोटींत एक. ठरावीक एका बाईने ठरावीक दोन तिकिटे घेऊन दोन्ही जिंकायची, तर तो आकडा बरोबर. पण बातमी कुणालाही दोनदा लागली असती तरी झालीच असती. अमेरिकेत कुठेतरी, कुणालातरी, सात वर्षांच्या काळात अशी दुहेरी लॉटरी लागण्याची शक्यता संख्याशास्त्रज्ञांनी काढली तर ती निम्म्याहून जास्त निघाली. घटना घडून गेल्यावर तिच्याभोवती लक्ष्य रेखाटायचे नाही, हा इथला धडा, आणि न्यायालयात त्याची किंमत माणसे मोजतात. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईला दोन तान्ह्या बाळांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे, असे एका तज्ज्ञाने सांगितले होते. एकाच घरातली दोन बाळे आजाराच्या दृष्टीने स्वतंत्र मानून हा आकडा काढला होता, आणि आईने दोन्ही बाळांचा खून करणे हेही अत्यंत दुर्मीळ असते याचा विचारच झाला नाही. २००३ साली शिक्षा रद्द झाली. ती बाई तोवर तीनहून अधिक वर्षे तुरुंगात होती. दुर्मीळ घटनेचे एकच स्पष्टीकरण तपासून निकाल देणे किती भयंकर असते हे मी नव्या सहकाऱ्यांना याच खटल्यावरून शिकवते.

मानववंशशास्त्रज्ञ मात्र वेगळाच प्रश्न विचारतात. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतल्या अझांडे लोकांबद्दल लिहिले आहे, की धान्याचे कोठार कोसळून खाली सावलीत बसलेली माणसे दगावली, तर खांब वाळवीने खाल्ले होते हे अझांडेंना पूर्ण ठाऊक असते. त्यांचा प्रश्न पुढचा: नेमकी हीच माणसे खाली असताना, नेमके तेव्हाच का पडले? आमच्या शास्त्रांकडे त्याला उत्तर नाही. आम्ही दोन कारणमालिका एकत्र आल्या म्हणतो आणि थांबतो. ज्यांचे माणूस गेले आहे त्यांना नेमके हेच विचारायचे असते. रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना मला 'कशामुळे' आणि 'आमच्याच बाबतीत का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे ओळखायला फार वर्षे लागली.

आणि काही वेळा नुसते थांबावे लागते. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत एका कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर मोठमोठे दगड आपोआप सरकल्याच्या लांब रेघा दिसत; १९४० च्या दशकापासून त्यावर लेख येत होते. २०११ च्या हिवाळ्यात एका चमूने तिथे हवामानयंत्र बसवले आणि जीपीएस लावलेले दगड ठेवले. अनेक वर्षे वाट पाहायची तयारी होती. डिसेंबर २०१३ मध्ये ते स्वतः तिथे असतानाच दगड हलले. उथळ पाण्यावर रात्रीतून ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा बर्फ धरला होता, उन्हाने तो तडकला आणि मंद वाऱ्याने त्याच्या पातळ लाद्या दगडांना मिनिटाला २ ते ५ मीटर या गतीने ढकलत होत्या. इतक्या हळू, की दूर उभ्या माणसाला कळूही नये.

सगळ्यांनाच असे नशीब मिळत नाही. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक जोरदार रेडिओ संकेत टिपला. त्यानंतर आकाशाचा तोच भाग पुष्कळदा तपासला गेला. संकेत परत आला नाही. लूर्द या फ्रेंच तीर्थस्थानी १८८३ पासून बरे झाल्याच्या दाव्यांची वैद्यकीय तपासणी होते. हजारो दाव्यांतून २०१८ पर्यंत ७० घटनांना चर्चने चमत्कार म्हटले, पण डॉक्टरांची समिती स्वतः तो शब्द वापरत नाही. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने उलगडा होत नाही, इतके लिहून ती थांबते. श्रद्धा असो नसो, ही सीमारेषा मला नेमकी वाटते.

आमच्याकडेही 'निष्कर्ष काढता येत नाही' असा एक अधिकृत वर्ग आहे. एका औषधाने ऐकू येण्यात विचित्र बदल झाल्याची, ओळखीचे आवाज एका सुराने खाली ऐकू येत असल्याची एक नोंद मी त्या वर्गात टाकली होती. रुग्ण वाद्य वाजवणारा होता. फॉर्म भरणाऱ्या परिचारिकेने त्याचे म्हणणे 'श्रवणदोष' असे न लिहिता त्याच्याच शब्दांत उतरवले होते: किती डोस झाल्यावर, कोणत्या कानात, कोणता सूर. नऊ वर्षांनी दुसऱ्या देशातून, दुसऱ्या भाषेत, एका संगीतशिक्षिकेची नोंद आली. मी जुना फॉर्म काढून शेजारी ठेवला. डोसांची संख्या एकाने कमी होती. सूर तितकाच खाली होता.